फौंड्रीची नोकरी सोडून कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या: हिशेब बसतो का?

शिरोली_नाका

नमस्कार मंडळी. वय ४१, कोल्हापुरात फौंड्रीत क्वालिटी विभागात नोकरी, हातात पगार ५८ हजार. शिल्लक २४ लाख, डोक्यावर कर्ज नाही. दिवाळीनंतर राजीनामा देऊन घरं-जागांच्या धंद्यात उतरायचं मनात आहे. पण प्लॉट घ्यायचा, दोन वर्षं दाबून ठेवायचा आणि विकायचा, असलं नको. परगावचे कामगार, आयटीआय करून पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या मुली, सीपीआर सरकारी दवाखान्यात पेशंट घेऊन आलेली माणसं, यांना परवडेल अशी कोरडी, धड खोली द्यायची आणि त्यातूनच आपलंही घर चालवायचं.

एजंटनं तीन जागा दाखवल्यात. १) शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अंगाला जुनं दुमजली घर, ५२ लाख, "इथं पुराचं पाणी येत नाही" म्हणाला. २) उचगावात ४ गुंठ्यांचा प्लॉट, दर स्वस्त, व्यवहार नोटरीवर. ३) गोकुळ शिरगावच्या बाजूला तयार आठ खोल्यांची चाळ, ४० लाख, सध्या सहा खोल्या भरलेल्या.

पैसे कमी पडले तर भिशीतले दहा मित्र प्रत्येकी २ लाख द्यायला तयार आहेत, १२ टक्क्यांनी. कुठली जागा धरू? नोकरी कधी सोडू? गोड बोलू नका, चुकत असेल तर तोंडावर सांगा.

पंचगंगा_घाट

शाहूपुरीचं आधी बोलतो. "पाणी येत नाही" या वाक्याला कोल्हापुरात काही अर्थ नाही. प्रश्न असा विचारायचा: "किती फुटाला येतं?" पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. एखादं घर ४३ फुटाला कोरडं असतं आणि ५० फुटाला त्याच्या स्वयंपाकघरात पाणी असतं. एजंट खोटं बोलत नसेलही, तो ४३ फुटाची गोष्ट सांगत असेल.

घर बघायला जाल तेव्हा मालकाशी नंतर बोला, आधी भिंतीशी बोला. जमिनीपासून चार-पाच फुटांपर्यंतचा गिलावा वरच्यापेक्षा नवा दिसतो का? रंगाखालून आडवी रेघ उमटलीय का? लाइटचे बोर्ड छातीच्या वर सरकवलेत का, आणि जुन्या बोर्डाचं भोक सिमेंटनं बुजवलेलं दिसतं का? फ्लश दारं खालून फुगलेली, चौकटीला खाली ठिगळ, मीटरपेटी विचित्र उंचीवर. यातल्या दोन खुणा एकत्र दिसल्या की पाणी आत आलेलं आहे असं समजा. मग मालकाला सरळ विचारा, २०१९ आणि २०२१ चा पंचनामा झाला होता का, पूरग्रस्त म्हणून मदत मिळाली का. बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानदाराला तोच प्रश्न. त्याला घर विकायचं नसतं, त्यामुळे तो फूट आणि इंच दोन्ही सांगतो.

कागदावरचं वेगळं. पाटबंधारे विभागाच्या दोन पूररेषा आहेत: निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा या पट्ट्यात नवीन घर जवळपास बंदच. निळी ते लाल या पट्ट्यात बांधायचं तर २०२० च्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीप्रमाणे लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर. म्हणजे खाली खांब आणि पार्किंग, राहणं वर. आठ-दहा परवडणाऱ्या खोल्यांना हा खर्च झेपत नाही. नगररचना विभागाकडून झोन दाखला घेताना पूररेषेचा उल्लेख मुद्दाम मागून घ्या.

आणखी एक, जे फारसं कुणी धरत नाही. दोन्ही मोठ्या पुरांत शिरोलीजवळ महामार्ग काही दिवस बंद होता. शहरात राहून शिरोली एमआयडीसीत जाणाऱ्याची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. शिरोलीच्या कामगारासाठी खोली नदीच्या पलीकडे, नागाव-टोप अंगाला बरी. गोकुळ शिरगावच्या कामगारासाठी गोकुळ शिरगाव, कणेरी, उजळाईवाडी. त्या बाजूला नदीचा त्रास नाही. (उजळाईवाडीत विमानतळामुळे उंचीचं बंधन असतं, पण तुम्ही सात मजले थोडेच चढवताय.) शिवाय त्या पुरांत बालिंगा-शिंगणापूरचे उपसा पंप पाण्यात गेले, तेव्हा कोरड्या भागातही नळ कोरडेच राहिले. घर उंचावर आहे म्हणून पाण्याची टाकी लहान ठेवू नका.

विमा: भारत गृह रक्षा नावाची प्रमाणित पॉलिसी एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते, तिच्यात पूर धरलेला असतो. रक्कम बाजारभावाची नाही, बांधकाम पुन्हा उभं करायच्या खर्चाची लावायची. मात्र भाड्यानं दिलेली चाळ आहे हे प्रस्तावात लिहा, लपवू नका.

रि_स_नं

उचगावचा प्लॉट सोडा. एवढंच लिहून थांबणार होतो, पण कारण सांगतो.

नोटरीनं मालकी बदलत नाही. नोटरी फक्त सही कुणाची ते सांगतो. स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खरेदीपत्रानंच होते. चार गुंठे म्हणजे ४,३५६ चौरस फूट. शेतजमिनीतला असा तुकडा १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात अडकत आलाय, म्हणून तर दुय्यम निबंधकाकडे न जाता नोटरीकडे नेतात. "गुंठेवारीत नियमित होतंय" हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईलच. गुंठेवारीचा (विनापरवाना पाडलेले छोटे प्लॉट नियमित करायचा) कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला वाव मिळाला. त्यामुळे प्रश्न एकच: नियमितीकरणाचा आदेश हातात आहे का? असेल तर खरेदीपत्र करा म्हणावं. नसेल तर "होईल" या शब्दाला पैसे मोजू नका. त्यातून सातबारा अजून शेतीचाच असेल आणि तुमच्या नावावर शेती नसेल, तर कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती जमीन तुम्हाला घेताच येत नाही.

आता चाळ. भाडं येतंय म्हणून भुलू नका. क्रमानं बघा.

सातबारा आणि ८अ (खातेउतारा) ऑनलाइन काढा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. भूधारणा वर्ग १ आहे की वर्ग २ ते पहिलं. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना विक्री नाही. आपल्या जिल्ह्यात देवस्थान इनामाच्या जमिनी पुष्कळ आहेत, कब्जेदार म्हणून देवाचं नाव आणि खाली वहिवाटदार. वहिवाटदार वटमुखत्यारपत्र करून देतो, वीस वर्षं कुणी विचारत नाही, आणि तुम्ही कर्जाला गेलात की बँकेचा वकील पहिल्या पानावर थांबतो. "इतर हक्क" हा रकाना मोठ्यानं वाचा. सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, वारसांची तक्रार, सगळं तिथंच दडलेलं असतं.

मग वारस. विकणारे दोघे भाऊ असतील तर बहिणी किती ते विचारा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला तो आणखी स्पष्ट केलाय. "बहिणींनी तोंडी सोडलंय" चालत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर बहिणी खरेदीपत्रावर सहीला हव्यात.

घरफाळ्याची (मालमत्ता कराची) पावती, लाइट बिल, ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा, यातलं काहीच मालकीचा पुरावा नव्हे. हे करआकारणीचे कागद आहेत.

बिगरशेती आदेश आणि मंजूर नकाशा मागा आणि नकाशावरच्या खोल्या बोटानं मोजा. नकाशात पाच आणि जागेवर आठ असतील तर बँकेचा मूल्यांकनकार पाचच धरतो. तुम्ही ४० लाख आठ खोल्यांचे देणार, कर्ज पाचवर बसणार. शहरालगतची ४२ गावं २०१७ पासून क्षेत्र विकास प्राधिकरणाकडे आहेत, तेव्हा परवानगी कुणी दिलीय आणि त्या तारखेला देणारा सक्षम होता का हेही बघा.

वकिलाकडून मागच्या ३० वर्षांच्या व्यवहारांचा सर्च, स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस, सरकारी मोजणी. मग संचकार (इसार, आगाऊ द्यायची रक्कम). संचकार दहा टक्क्यांच्या वर देऊ नका. साठेखत (खरेदीआधीचा करार) नोंदवून घ्या आणि त्यात "कर्ज शीर्षकाच्या दोषामुळे नाकारलं गेलं तर संचकार परत" हे वाक्य घाला. हे वाक्य नसेल तर फसवणूक नसतानाही पैसे बुडू शकतात.

हिशेबनीस

चाळ कागदाला स्वच्छ आहे असं गृहीत धरून आकडे मांडतो. तुमचे आकडे वेगळे असतील तर बदलून घ्या, पद्धत हीच ठेवा.

किंमत ४० लाख. मुद्रांक, नोंदणी, वकील मिळून ३ लाख. (शहरात मुद्रांक शुल्क ६ टक्के धरायचं, खेड्यात हद्दीप्रमाणे फरक पडतो. ते किंमत आणि रेडी रेकनर (सरकारी दर) यात जे जास्त त्यावर लागतं. नोंदणी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. राहती मिळकत फक्त बाईच्या नावावर घेतली तर मुद्रांकात १ टक्का सूट, जोडीला नवऱ्याचं नाव आलं की सूट गेली.) दुरुस्ती ३ लाख. एकूण ४६ लाख.

भाडं ८ खोल्या गुणिले ४,५०० म्हणजे महिना ३६ हजार, वर्षाला ४,३२,०००. त्यातून रिकाम्या खोल्या आणि थकबाकी यांचे १० टक्के वजा: राहिले ३,८८,८००. घरफाळा, पाणी, विमा, जिन्यातला लाइट, झाडलोट यांचे ४८ हजार आणि दुरुस्तीला बाजूला ४० हजार वजा: हातात ३,००,८००. गुंतवलेल्या ४६ लाखांवर साडेसहा टक्के. फ्लॅट भाड्यानं देऊन अडीच-तीन टक्के सुटतात, त्या मानानं हे बरं आहे.

आता कर्ज. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमानं किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत मिळतं, मुद्रांक-नोंदणी त्यात धरत नाहीत. ३२ लाख, ९ टक्के, २० वर्षं: हप्ता २८,८०० च्या आसपास, वर्षाला ३,४५,६००. म्हणजे दरवर्षी ४५ हजार खिशातून घालायचे. तेच कर्ज २४ लाख घेतलं तर हप्ता २१,६००, वर्षाला साधारण ४१ हजार शिल्लक. महिन्याला साडेतीन हजार. आणि तुमच्या २४ लाखांपैकी २२ लाख संपलेले.

५८ हजारांचा पगार सोडून साडेतीन हजार. राजीनाम्याच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं.

त्यात आणखी एक मेख. चाळीला काही बँका गृहकर्ज देतच नाहीत, मिळकत तारण कर्ज म्हणतात, तिथं दर जास्त आणि मुदत कमी. आणि कुठलंही कर्ज तुमच्या पगाराकडे बघून मिळतं. राजीनामा दिलात की तुम्ही स्वयंरोजगारवाले, मग दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. म्हणून क्रम असा: नोकरी चालू, कर्ज, पहिली मिळकत, दोन पावसाळे, मग विचार. (राजीनामा खिशात ठेवून कर्जावर सही करणं हा क्रम नव्हे. ती बँकेपासून लपवाछपवी झाली.)

भिशीचे २० लाख: नको, नको, नको. साडेसहा टक्के कमवायचे आणि बारा टक्के द्यायचे, हा हिशेब फौंड्रीतला पोरगा पण करील. शिवाय धंद्यासाठी ठरावीक व्याजाच्या बोलीनं लोकांकडून पैसे गोळा केले की २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याच्या कचाट्यात सापडू शकता. नातेवाइकांकडून घेतलेलं कर्ज वेगळं, दहा मित्र वेगळे. एकाला मुलीच्या लग्नात पैसे परत हवे झाले की तुम्ही काय खोली विकणार?

प्राप्तिकर थोडक्यात: घरभाड्यातून भरलेला घरफाळा वजा, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट, मग कर्जाचं व्याज. दुरुस्तीची बिलं वेगळी लागत नाहीत, ती त्या ३० टक्क्यांतच आली. नव्या करप्रणालीत असाल तर इथला तोटा पगारातून वजा होत नाही. "घर घेतलं की टॅक्स वाचतो" हे जुन्या प्रणालीचं गाणं आहे.

शिरोली_नाका

डोळे उघडले. शाहूपुरी आणि उचगाव बाद, भिशी बाद, राजीनामा लांबणीवर. आता दोन शंका. भाडं बाजारापेक्षा किती कमी ठेवलं तर त्याला "समाजासाठी" म्हणता येईल? आणि सरळ ट्रस्टच काढावा का, म्हणजे देणग्याही घेता येतील?

वसतिगृह_१९०१

ट्रस्टचं आधी. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात, १९०१ चं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच साली जैन बोर्डिंग, १९०८ चं मिस क्लार्क बोर्डिंग, ही नावं आपल्याला पाठ असतात. ती टिकली कारण शाहू महाराजांनी जागा, इमारती आणि अनुदानाची तजवीज करून दिली होती. त्यांच्यावर बँकेचा हप्ता नव्हता. तुमच्यावर असणार. ट्रस्टचं उत्पन्न तुम्हाला घरी नेता येत नाही, ट्रस्टची मिळकत विकायला किंवा गहाण टाकायला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, आणि नव्या ट्रस्टला कर्ज द्यायला बँक तयार नसते. स्वतःच्या नावावर घ्या. समाजकार्य करारात लिहा.

भाडं किती कमी? बाजारभाव ५,००० असेल तर ४,५००. याच्या खाली पहिली तीन वर्षं जाऊ नका. कारण असं: एक महिना खोली रिकामी राहिली की वर्षाच्या भाड्यातले ८.३ टक्के गेले. दहा टक्के कमी भाडं म्हणजे सव्वा महिन्याचं रिकामेपण. माणूस अकरा महिन्यांऐवजी तीन वर्षं टिकला तर ती सूट तुम्हाला जवळपास फुकट पडते. वीस टक्के सूट मात्र खिशातून जाते, आणि मग पहिली काटछाट संडासाच्या दुरुस्तीत होते. स्वस्त पण गळकी खोली हा उपकार नव्हे.

खरी अडचण भाडं नसतेच. १५ हजार पगाराच्या दोघांनी ४,५०० ची खोली वाटून घेतली तर प्रत्येकाचे १५ टक्के जातात, ते झेपतं. अडतं अनामत रकमेवर. गाडीतून उतरलेल्या पोराकडे २०-२५ हजार नसतात, म्हणून तो सहाजण असलेल्या खोलीत सातवा होतो. एक महिन्याची अनामत घ्या, तीही तीन हप्त्यांत. जाताना सात दिवसांत परत, काय कापलं ते लिहून. तुमच्या कामाची कीर्ती शिरोलीपर्यंत जाईल ती या सात दिवसांमुळे.

दुसरं, नोंदणीकृत करार. अकरा महिन्यांचा असला तरी भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, आणि वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. खर्च किरकोळ आहे: मुद्रांक एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, नोंदणी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००. ४,५०० गुणिले ११ वर मुद्रांक शे-दोनशे रुपये. आधार असलं की ऑनलाइन होतो. तो कागद परप्रांतीय कामगाराला पत्त्याचा पुरावा म्हणून बँकेत, गॅसला, पोरांच्या शाळेत चालतो. आठ खोल्यांचे वर्षाचे हे पाच-सहा हजार तुम्ही भरा, भाडेकरूवर लादू नका. पोलिसांकडे माहिती देणं वेगळं, करार केला म्हणून ते चुकत नाही.

करारात घालायच्या माझ्या मते तीन अटी: वर्षाला वाढ ५ टक्क्यांच्या वर नाही, जून ते सप्टेंबर खोली खाली करायची नोटीस नाही, अपवाद थकबाकीचा, लाइट सबमीटरवर, महावितरणच्या बिलाला जो दर पडला तोच. युनिटमागे दोन-तीन रुपये वर लावणारे मालक भाडं कमी दाखवून तिथं वसूल करतात.

कंपनीला सगळी चाळ देऊ नका, कितीही गळ घातली तरी. काम गेलं की त्याच दिवशी खोली जाते, आणि ऑर्डर आटल्या की तुमच्या आठही खोल्या एकदम रिकाम्या. फार तर दोन खोल्या. जीएसटी नोंदणी असलेल्या कंपनीनं राहतं घर भाड्यानं घेतलं की तिला उलट आकारणीनं (मालकाऐवजी भाडेकरूनं कर भरायचा) १८ टक्के भरावे लागतात, त्यामुळे ती भाडं पाडून मागते.

मुलींसाठी वेगळी मिळकत, पुढे कधीतरी. त्याच चाळीत दोन खोल्या मुलींना, असं करू नका. वेगळं दार, राहणारी देखरेखीची बाई, केएमटी बसच्या थांब्यापासून दारापर्यंत रस्त्यावर दिवे, हे नसेल तर सूट देऊनही कुणी बाप पोरीला ठेवत नाही. वसतिगृह म्हणून चालवलंत तर माणशी महिना २० हजारांपर्यंत आणि सलग ९० दिवस मुक्काम असेल तर जीएसटी माफ आहे, ही सवलत जुलै २०२४ पासून. सीपीआरच्या नातेवाइकांचा मुक्काम चार-आठ दिवसांचा. तो लॉजचा धंदा झाला, त्याची नोंदवही, परवाने, रात्री-अपरात्री दार उघडणं सगळं वेगळं. ती कल्पना चांगली आहे, पण तुमच्या यादीतून काढा.

ओला_गिलावा

दुरुस्तीच्या ३ लाखांवर कुणी बोललं नाही. ते रंगात घालवू नका.

आठ खोल्यांत १६ माणसं धरा. माणशी १३५ लिटर म्हणजे दिवसाला २,१६० लिटर पाणी. वर ३,००० लिटरची टाकी, शक्य तर खाली तेवढीच. पाच-सहा माणसांना एक संडास आणि एक न्हाणी म्हणजे तीन-तीन. सेप्टिक टँकची झाकणं उघडून बघा, मालक "आरसीसी आहे" म्हणतो आणि खाली नुसता खड्डा निघतो. राहती खोली ९.५ चौरस मीटरच्या खाली, म्हणजे साधारण १०२ चौरस फुटांपेक्षा लहान असेल तर तिथं दोघं नकोत, एकच.

मग पाऊस. आपल्याकडे झड पश्चिमेकडून बसते. चाळीची पश्चिमेची भिंत हातानं चाचपा. रंगाचे पापुद्रे आणि पांढरं मीठ दिसलं तर आतून कितीही वॉटरप्रूफ रंग लावा, पुढच्या जुलैत परत येणार. बाहेरून गिलावा, वर पत्र्याची दोन फुटांची पुढे आलेली पडवी, आणि भिंतीच्या पायथ्याशी पाणी लांब नेणारी चर. भिंत दगड-मातीची असेल तर वर सिमेंटचा गिलावा नको, ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. चुन्याचा करा. जमीन काळ्या मातीची असेल तर कोपऱ्यातल्या तिरक्या भेगा बघा. पेन्सिलचं टोक जात असेल तर अभियंता आणल्याशिवाय संचकार देऊ नका.

वायरिंग पूर्ण नवीन. प्रत्येक खोलीला वेगळा एमसीबी, मेनवर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक ब्रेकर, आणि अर्थिंग खरोखर जमिनीत. कामगाराच्या खोलीत इंडक्शन आणि पाण्याची कॉइल असणारच, बंदी घालून उपयोग नाही. त्या पॉइंटला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाका. पत्र्याचं छत असेल तर एप्रिल-मेमध्ये खोली भट्टी होते. रात्रपाळीत भट्टीसमोर उभं राहून आलेल्या माणसाला दुपारी तिथं झोपायचं असतं, तेव्हा छताखाली सीलिंग हवंच.

उचगाव_फाटा

सगळे "घ्या" म्हणूनच बोलताय. भावा, विकत घेऊच नका. पहिल्यांदा चाळ भाड्यानं घ्या आणि चालवून बघा. मालकाला महिना २४ हजार ठरवून द्या, तुम्ही हिशेबनीसांचेच आकडे लावा: ३६ हजारांतून दहा टक्के गेले, ३२,४०० राहिले, किरकोळ खर्च ४ हजार, मालकाचे २४ हजार, हातात ४,४००. गुंतवणूक अनामत आणि डागडुजी मिळून दोन-अडीच लाख. ४६ लाख गुंतवून साडेतीन हजार मिळण्यापेक्षा हे काय वाईट?

हिशेबनीस

वाईट नाही, उलट पहिल्या दोन वर्षांसाठी हेच बरं. फक्त तीन गोष्टी करारात हव्यात. पोटभाड्यानं द्यायची मालकाची लेखी संमती, कारण भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २६ प्रमाणे ती नसेल तर पोटभाडं बेकायदा. मुदत किमान ३६ महिने, मालकाला मध्येच काढता येणार नाही अशी अट; लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत ०.२५ टक्के मुद्रांकावर होतो. आणि छत, मुख्य वायरिंग, सेप्टिक टँक मालकाच्या खर्चानं. तिसरी अट नसेल तर वरचे सगळे ४,४०० पहिल्या पावसाळ्यात पत्र्यावर जातात. मुदत संपताना विकत घ्यायचा पहिला हक्क तुमचा, किंमत तेव्हाच्या मूल्यांकनानं, हेही लिहून घ्या. नोकरी चालू असताना चालवायचं असेल तर चाळीतल्याच एका कुटुंबाला भाड्यात हजाराची सूट देऊन चावी, पाणी आणि झाडलोट सोपवा. तो हजार वरच्या खर्चात धरलेला नाही, तेव्हा हातात ३,४००.

शिरोली_नाका

हे पटलं. चाळीचा मालक वयस्कर आहे, विकायची घाई त्याच्या मुलाला आहे. भाड्याचं बोलून बघतो. गट नंबर एजंटच्या कागदावर आहे, रात्री पंधरा रुपये भरून सातबारा काढतो.

रि_स_नं

सातबारासोबत शेवटचे तीन फेरफार काढा. आणि मालक वयस्कर, घाई मुलाला म्हणताय, तर करारावर सही मालकाचीच घ्या. मुलाकडे वटमुखत्यारपत्र असलं तरी.

शिरोली_नाका

काढला. भूधारणा वर्ग १ आहे. इतर हक्कात विकास सोसायटीचा बोजा ३ लाख, आणि खाली एका बाईंचं नाव, पुढे "वारस" एवढंच लिहिलंय.

रि_स_नं

बोजा फेडल्याचा दाखला मागा, ते सोपं आहे. बाई कोण ते उद्या तलाठ्याकडे फेरफार नंबर सांगून विचारा. ती बहीण निघाली तर भाडेकरारावरही तिची सही लागेल, विकत घ्यायची गोष्ट तर लांबच.